सहा व्होल्टचा स्टार्टर बारावर नेताना

जुन्या ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्ट करायचं ठरवलं की बल्ब, कॉइल, बॅटरी सगळं बदलतो आपण, पण स्टार्टरचं, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचं, काय हा प्रश्न उरतोच. बरेच जण सांगतात, आहे तसाच राहू दे, थोडा वेळच फिरतो. खरंय, चालतो, आणि इंजिन असं झटक्यात फिरतं की ऐकूनच बरं वाटतं. पण मी माझा उघडून बघितला तेव्हा बेंडिक्सच्या (पिनियन पुढे सरकवणारी यंत्रणा) पिनियनचे, म्हणजे छोट्या दातेरी चाकाचे, दात पुढच्या कडेला चेपलेले होते आणि स्प्रिंगला बारीक तडा, कारण दुप्पट व्होल्टेजवर पिनियन फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) रिंग गिअरवर, म्हणजे त्याच्या कडेच्या दातेरी कड्यावर, नुसता आदळतो. रिंग गिअर बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवा, म्हणून मला हे फार जिवाला लागतं.

मग मी आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) तेच ठेवलं आणि फील्ड कॉइल्स (त्याच्याभोवतीच्या, न फिरणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) १२ व्होल्टच्या बसवल्या. पोल शूचे, म्हणजे या कॉइल्स धरून ठेवणाऱ्या लोखंडी तुकड्यांचे, स्क्रू इतके घट्ट असतात की इम्पॅक्ट ड्रायव्हरशिवाय (हातोडीचा ठोका मारून फिरवायचा स्क्रू ड्रायव्हर) हात लावू नका, स्क्रूचं डोकं गोल झालं की संपलं. सोलेनॉइडही (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) १२ चाच घ्या, सहाचा लगेच तापतो. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची जाड केबल मात्र काढू नका हां, ६ व्होल्टला तेवढ्याच पॉवरसाठी दुप्पट करंट लागतो, १ किलोवॅटला साधारण १६७ अँपिअर आणि १२ वर ८३, त्यामुळे ती जुनी केबल आता उलट आरामात काम करते. आणि चावी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मध्ये गार होऊ द्या स्टार्टरला.