आर्सेनिकच्या कुंड्यांत भात वाढवताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आर्सेनिकचा विषय घेतला, तेव्हा बाबांनी लगेच विचारलं, "आपल्या शेतात आहे काय ते?" आमचं शेत गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, खाणींचा गाळ त्यांनी शेतात उतरताना बघितलेला. भूजलातल्या आर्सेनिकचं मोठं संकट बंगाल, बिहार, बांगलादेशात आहे. आपल्या मातीत भरपूर आहे ते लोह, आणि म्हणूनच मला इथलीच माती हवी होती.

कुंड्यांतल्या मातीत कमी-जास्त मात्रेत मिसळायचं सोडियम आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचा क्षार, हे जहाल विष. प्रत्येक वजनाची नोंद, कपाटाला कुलूप, हातमोजे, आणि कुंड्या बिनभोकाच्या, म्हणजे एक थेंबही बाहेर झिरपायला नको. त्यात ज्योती या भाताच्या जातीचा तरवा लावला.

सुरुवातीला सगळ्यात कमी मात्रेच्या कुंड्या आर्सेनिक न घातलेल्या कुंड्यांपेक्षाही हिरव्यागार दिसायला लागल्या. मी गोंधळले. आर्सेनेटची ठेवण फॉस्फेटसारखी असते. मातीच्या कणांना चिकटलेलं फॉस्फेट ते हुसकावतं आणि रोपाला थोडं जास्त मिळतं, हे सरांनी समजावलं. शेतकऱ्याने अशा शेताकडे बघून पीक उत्तम म्हटलं असतं. मला या विषयात सर्वांत भीती वाटते ती याचीच.

जास्त मात्रेत मात्र लपण्यासारखं काही नव्हतं. मुळं आखूड, फुटवे मोजके, पानांची टोकं करपलेली. लोंबी दाण्यांच्या भाराने वाकायला हवी, ती काठीसारखी ताठ उभी. चिमटीत दाबली की दाणे पोचट.

मुळं धुताना हात थांबला. कितीही पाणी ओतलं तरी तांबूस थर जाईना. भाताचं मूळ प्राणवायू बाहेर सोडतं, त्याने पाण्यात विरघळलेलं लोह मुळावर गंजासारखं बसतं आणि बरंच आर्सेनिक तिथेच धरून ठेवतं. लोहाच्या मातीचा हा उपकारच म्हणायचा.

पण खरा फरक पाण्याने पडला. सतत पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोह विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक आर्सेनाइट होऊन मोकळं होतं. भात ज्या वाटेने सिलिकॉन शोषतो, त्याच वाटेने ते आत घेतो. ही वाट जपानी शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये दाखवून दिली. मी अर्ध्या कुंड्या अधूनमधून सुकू दिल्या होत्या. त्यांच्या दाण्यांत आर्सेनिक स्पष्टपणे कमी भरलं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची पॉलिश तांदळासाठीची मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम अजैव आर्सेनिक आहे; इतक्या बारीक हिशेबात पाण्याची एकेक पाळी मोलाची ठरते. मात्र जमिनीत कॅडमियम असेल तर सुकवल्याने तेच वर चढतं, म्हणून आधी माती तपासायलाच हवी.

शेवटी माती, पेंढा, धुतलेलं पाणी, सगळं सीलबंद पिंपांत घातक कचरा म्हणून दिलं. पुढच्या बॅचची मुलगी आता मातीत भाताचं तूस मिसळून बघते आहे. तुसात सिलिकॉन भरपूर. मुळाला ते मिळालं तर आर्सेनाइटला आत शिरायला कमी वाव राहील.