रविवार, स्प्लेंडर आणि सतरा नंबरचा पाना

आज बाबांची जुनी स्प्लेंडर चाळीच्या अंगणात घेऊन बसलो. टाकीवर अजून 'हिरो होंडा'च आहे. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, गरम ऑइल पटकन उतरतं. मग खालच्या बोल्टला सतरा नंबरचा पाना लावला, तर ढिम्म हलेना. गेल्या वेळी कुणीतरी (मीच) जीव खाऊन आवळला होता. पहिल्या मजल्यावरून काका ओरडले, "अरे, उलटा फिरवतोयस!" खरंच की! खाली झोपून बघताना डावं-उजवं कळतच नाही.

ऑइल निघालं ते डांबरच. नवीन ९०० मिली भरलं. पण खरी रड चेनची. लालबागचा पावसाळा खाऊन ती तांबडी झालेली. चेनकव्हरचं रबरी बूच काढून बोटाने हलवली, चांगला दीड इंच झोल! मागच्या चाकाचा नट सैल केला, दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवत झोल इंचभरावर आणला. यातच दुपार गेली.

जुनं ऑइल बाटलीत भरून नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला दिलं, गटारात नाही ओतलं.

आता साखर आणि भांड्याचा साबण घेऊन नखं घासतोय. आईने बजावलंय, हे हात घेऊन पानावर बसायचं नाही.