पासष्टच्या गटात

आज बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर १०० मीटर धावले. मास्टर्स स्पर्धांत वयाच्या ३५ पासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. मी यंदाच पासष्टच्या गटात आलेय, म्हणजे गटात सगळ्यांत लहान! चौथी आले. खूप बरं वाटलं.

पण खरं सांगू, मन भरून आलं ते गोळाफेक बघताना. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक काकू सर्कलमध्ये उभ्या राहिल्या. २ किलोचा गोळा (आमच्या गटाला ३ किलोचा असतो) हनुवटीखाली मानेला टेकवलेला, डावा हात समोर ताणलेला. अशी कंबर फिरवून फेकला की पंचांनीही मान डोलावली. नंतर गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, बसून राहिलं की जास्त दुखतात."

चंदीगडच्या मन कौर ९३व्या वर्षी धावायला लागल्या आणि २०१७ मध्ये ऑकलंडला, १०१व्या वर्षी, १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. "या वयात कशाला?" म्हणणाऱ्यांनी एकदा मैदानावर येऊन बघावंच.

पुढच्या वेळी गोळाफेकीतही नाव देणार आहे. पुण्यात आमच्या वयाच्या बायकांना नीट शिकवणारे कोच माहीत असतील तर कळवा.