ओकच्या जमिनीवरचा सुटलेला थर

आजचा अख्खा शनिवार न्यू जर्सीतील आमच्या घराच्या दिवाणखान्यात गुडघे टेकून गेला. तीन आठवड्यांपूर्वी ओकच्या लाकडी जमिनीवर पॉलियुरेथेनचा, म्हणजे लाकूड जपणाऱ्या पारदर्शक वॉर्निशचा, नवा हात दिला होता, तो खिडकीजवळ सुटू लागला होता. नाण्याची कड हलकेच ओढताच पांढरट पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघाला आणि खालचा जुना थर मात्र तसाच चकचकीत दिसला. ती चकाकी पाहून मन खट्टू झाले, कारण नवा हात देण्यापूर्वी तिथे घासकाम झालेलेच नव्हते.

पांढऱ्या फडक्यावर मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचा, मेण विरघळवणारा द्रव) घेऊन कोपरा पुसला, तेव्हा पिवळसर मेणचट डाग उमटला. आम्ही वर्षानुवर्षे तेलकट साबणाने जमीन पुसत आलो होतो, आणि मेणावर वा तेलावर पॉलियुरेथेन धरत नाही, मग ते कितीही महागडे असो. आधी एका कोपऱ्यात लहानसा नमुना लावून पाहायला हवा होता, असे मला आज प्रकर्षाने वाटले.

सुटलेला भाग खरवडला, दर वेळी फडके बदलत पुसले, आणि सुकल्यावर 120 नंबरच्या सँडपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासले. नवा हात फळीच्या मध्येच न थांबवता सांध्यापासून सांध्यापर्यंत दिला, नाहीतर जोडाची कड उजेडात उठून दिसते. फळ्यांच्या फटींत मेण उरले असेल, तर मात्र पूर्ण जमीन लाकडापर्यंत तासून घ्यावी लागेल. तूर्तास आठवडाभर तिथे सतरंजी अंथरणार नाही.