वर्ध्याच्या आष्टी तालुक्यातून मुंबईच्या प्राइड मोर्चाला

प्राइड म्हणजे आम्हा समलिंगी अन् तृतीयपंथी लोकांचा अभिमानाचा मोर्चा. मोर्चात चालणं सोपं. जानेवारीच्या शेवटी, तुरीच्या ऐन हंगामात घर सोडणं अवघड. मळणीयंत्र वावरात आलं की घरचा प्रत्येक माणूस लागतो. मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. सरकारी परीक्षेचं सेंटर कुठंही टाकतात हे गावाला पाठ आहे, त्यामुळं कोणी खोलात गेलं नाही. मायनं पोळ्या अन् जवसाची चटणी बांधून दिली.

नागपुरातही २०१६ पासून मोर्चा निघतो. जवळही पडतं. पण आमच्या भागातलं कोणी ना कोणी रोज नागपुरात असतंच. कोणी दवाखान्यात, कोणी कोर्टात, कोणाची सोयरीक जुळत असते. तोंड झाकलं तरी चालण्यावरून ओळखतील. म्हणून पहिल्यांदा मुंबईच बरी, असं माझं मत.

अमरावतीहून अंबा एक्स्प्रेस रात्रभरात पोचवते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड, तिथून ऑगस्ट क्रांती मैदान चालत. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक याच मैदानातून गेली आणि त्याच महिन्यात आमच्या आष्टीत पोलीस ठाण्यासमोर लोक गोळ्या खाऊन पडले. शाळेत दर वर्षी ऐकलेलं. मैदानाच्या फाटकाशी इंद्रधनुषी झेंडे घेतलेली पोरं पाहून तेच आठवलं.

नावनोंदणी नाही की प्रवेश फी नाही. २००८ पासून हा मोर्चा निघतोय, सरावलेले लोक नवख्याला बरोबर हेरतात. कोरोनातला मास्क मी मुद्दाम आणला होता. तसा मी एकटा नव्हतो. कोणी मास्क लावलेला, कोणी रंगीत मुखवटा. खरी भीती कॅमेऱ्याची. मोर्चा उघड्या रस्त्यावर, फोटो कोणीही काढतो, आणि व्हॉट्सॲपवर मुंबई अन् आमचं गाव यात काही अंतर नाही. पहिला अर्धा तास मी एका मोठ्या फलकाच्या मागं मागंच चाललो.

फलकावर लग्नाच्या हक्काची मागणी होती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आमच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का काढला, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाची मान्यता दिली नाही, ते संसदेनं पाहावं म्हणाले. इकडं माझ्यासाठी पोरी पाहणं चालू आहे, त्याला संसदेची गरज नाही. पोरांसोबत चालणारे आईबापही दिसले. एक मावशी नऊवारीत, हातात फलक: ‘माझा मुलगा, माझा अभिमान’. तिच्याकडं मला फार वेळ पाहवलं नाही.

तेवढ्यात फलकाची काठी धरलेला माणूस म्हणाला, “भाऊ, धर ना जरासक, हात दुखून राह्यले.” कान टवकारले. “कोनीकडचा होय तू?” मी म्हटलं, वर्धा जिल्हा. तो म्हणाला, अकोला. गावाचं नाव त्यानं सांगितलं नाही, मीही नाही. मग ढोलाच्या गलक्यात आम्ही चक्क तुरीवरच्या मर रोगाबद्दल बोललो.

परतीची गाडी रात्री आठच्या सुमाराची, म्हणून गर्दी पांगायच्या आतच निघालो. जाताना त्यानं नंबर दिला. मी तो ‘तूर व्यापारी अकोला’ म्हणून ठेवलाय. हल्ली त्याचा फोन आला की बाबा खाटेवरूनच विचारतात, “भाव काय म्हनते रे?”