पडणाऱ्याचं कसब

‘अरे, ती टीव्हीवरची कुस्ती सगळी खोटी असते,’ हे मला सांगणाऱ्यांची कधीच वानवा पडली नाही. शाळेत सर सांगायचे, कॉलेजात मित्र सांगायचे, लग्नानंतर सासुरवाडीच्या मंडळींनीही एकदा हलक्या आवाजात सांगून पाहिलं. अहो, ही बातमी फार जुनी आहे. १९८९ साली खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी कुस्ती कंपनीच्याच लोकांनी न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कबूल करून टाकलं होतं की आमची कुस्ती ही करमणूक आहे, खरीखुरी लढत नव्हे. सत्याचा उमाळा वगैरे काही आला नव्हता. खेळ म्हटला की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आली, देखरेखीपाठोपाठ खर्च आला. तो चुकवायचा होता, एवढंच.

तेव्हा निकाल आधी ठरतो, हे धरूनच चालू. माझा जीव अडकतो तो त्याच्या पुढच्या भागात. आज आपल्याला हरायचं आहे, हे पक्कं माहीत असलेला माणूस रिंगमध्ये उतरून वीस मिनिटं काय करतो? जिंकणाऱ्याचं निम्मं काम त्याच्या प्रवेशाचं संगीत वाजलं की झालेलं असतं. पण तो खरोखर बलदंड आहे हे लोकांना पटवणार कोण? ज्याला मार खायचा आहे तो. दशावतारात संकासुर शेवटी मरणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी लोक जागा धरून बसतात, कारण मरेपर्यंत तो काय धमाल करतो ते बघायचं असतं. मी तीसेक वर्षं ही कुस्ती बघतोय आणि दिवसेंदिवस माझं मत पक्कं होत चाललंय की हा हरणाऱ्यांचा खेळ आहे. जिंकणारे निमित्तमात्र.

नुसतं पडणं घ्या. आपण पडलो तर हात टेकवायला जातो आणि मनगट मोडून घेतो. हे लोक पहिल्या दिवसापासून उलटं शिकतात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ शक्य तितकी सपाट, एकदम टेकवायची. त्याच क्षणी दोन्ही हात पसरून तळवे जोरात आपटायचे. मार विभागला जातो आणि वर ‘धाड्’ असा आवाजही मिळतो. याला ते बंप म्हणतात. कॅनव्हासच्या खाली काय असतं? पातळसा फोम, त्याखाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंडी सांगाडा. त्यावर आठवड्यातून तीन-चार रात्री, वर्षानुवर्षं पडायचं. निकाल ठरलेला असला तरी मणक्याचे एक्स-रे खरेच निघतात.

माझे मामा सांगलीकडचे, लाल मातीत वाढलेले. त्यांना हा प्रकार कधी झेपला नाही. ‘पाठ टेकली की चितपट, संपलं. हे तीनपर्यंत आकडे कशाला मोजतात? उठायला वेळ द्यायला?’ असं ते वैतागून विचारायचे. अगदी त्यासाठीच, मामा! सगळं नाट्य त्या दोन आणि तीनच्या मधल्या फटीत तर असतं.

आमच्या आधीच्या पिढीने दारासिंग पाहिला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ‘फ्रीस्टाइल’ व्हायची आणि मुंबई लोटायची. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, दारासिंगच्या पाठोपाठ तोंडात नाव येतं ते किंगकाँगचं. तो अवाढव्य परदेशी मल्ल आपल्याकडे लक्षात राहिला तो हरण्यामुळे. दारासिंग केवढा मोठा, हे दाखवायला तेवढ्याच मापाचं कुणीतरी आडवं व्हायला हवं होतं. तो झाला.

आम्ही केबलवाली पोरं. नव्वदीत गल्लीत वायर आली आणि तिच्यासोबत अंडरटेकर, ब्रेट हार्ट, योकोझुना घरात आले. टीव्हीपेक्षा जास्त धुमाकूळ ट्रम्प कार्डांनी घातला. उंची, वजन, छाती, दंड, रँक, किती लढती लढला, किती जिंकला, हे सगळं छापलेलं असायचं. मधल्या सुट्टीत ‘चेस्ट’ म्हणून ओरडलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा. माझ्या आजच्या मतानुसार त्या कार्डावर सगळ्यात महत्त्वाचा रकाना नव्हताच: हा माणूस पडतो कसा? असता तर शॉन मायकल्सच्या कार्डाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एका ठोशात तो असा भिरकावला जायचा की ठोसा मारणाऱ्यालाच स्वतःच्या हाताचं कौतुक वाटावं.

अंडरटेकर सात वेळा मेला आहे, अशी तेव्हा सबंध भारतात पक्की माहिती होती. त्यातच १९९६ साली अक्षयकुमारने एका सिनेमात अंडरटेकरला लोळवलं आणि वर्गात दोन तट पडले. पुढे कळलं की तो अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान होता. गंमत म्हणजे याच ब्रायन लीने १९९४ च्या समरस्लॅममध्ये खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी नकली अंडरटेकर बनून असली अंडरटेकरकडून मार खाल्ला होता. म्हणजे आपल्या निर्मात्यांनी नकली का होईना, पण अनुभवी माणूस आणला होता.

असो. हरणं म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्याने २३ मार्च १९९७ ची लढत बघावी. रेसलमेनिया १३, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, शिकागोजवळचं रोझमाँट. ब्रेट हार्ट विरुद्ध स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन. जो हार मानेल तो हरला, एवढाच नियम. ब्रेट लोकांचा लाडका, ऑस्टिन शिवराळ, उर्मट, खलनायक. शेवटी ब्रेटने त्याच्या तंगड्या अडकवून शार्पशूटर हा आपला ठेवणीतला डाव लावला. ऑस्टिन पोटावर पालथा, कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यांतून ओघळून दातांपर्यंत आलेलं. कॅमेरा थेट तोंडासमोर. तो हातांवर जोर देऊन धड वर उचलतो, ओरडतो, तेव्हा लाल झालेले दात दिसतात. एकदा तर पकड सुटते की काय असं वाटतं. सुटत नाही. आणि तो हारही मानत नाही. डोकं हळूहळू खाली जातं, शुद्ध हरपते आणि पंच केन शॅमरॉक लढत थांबवतो. ब्रेट जिंकला. पण जिंकल्यावरही तो पडलेल्या माणसाला मारत राहिला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. ऑस्टिन कुणाचा आधार न घेता लंगडत निघाला, तर त्याच्या नावाचा घोष. एका रात्रीत नायकाचा खलनायक आणि खलनायकाचा नायक झाला. पुढची चार वर्षं ज्याच्या जोरावर कंपनी तरली, तो माणूस हरून मोठा झाला होता.

याच्या दहा वर्षं आधी, २९ मार्च १९८७ ला, पॉन्टियाकच्या सिल्व्हरडोममध्ये हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. कंपनीने ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा सांगितला, तो आजही वादात आहे. आंद्रेला आजवर कुणी उचललेलं नाही, अशीही दवंडी पिटली होती. ती तर शुद्ध थाप, कारण खुद्द होगननेच त्याला पूर्वी उचललं होतं. पण तो क्षण बघताना हे काही आठवत नाही. आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली, कपड्याखाली पट्टा बांधलेला, चालणंही जड. त्या देहाने मनात आणलं असतं तर दहा होगन त्याला हलवू शकले नसते. त्याने स्वतःला उचलू दिलं. होगनचं उभं साम्राज्य त्या एका होकारावर उभं राहिलं.

आणि होगनने हे ऋण कसं फेडलं? डिसेंबर १९९७, वॉशिंग्टन, डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा स्टारकेड हा कार्यक्रम; होगन तेव्हा तिकडे होता. स्टिंग वर्षभर काळा कोट घालून छताच्या तुळयांत बसून होता, एक शब्द न बोलता. सगळं जग वाट बघत होतं की हा कधी खाली उतरतो आणि होगनला सपाट करतो. उतरला. आणि होगननेच त्याला साफ तीन मोजून पाडलं. पंचाने मोजणी घाईघाईने करायची असं ठरलं होतं म्हणे, म्हणजे अन्याय झाला असं दिसलं असतं. पडद्यावर मोजणी अगदी नेहमीच्या वेगाने झाली. मग ब्रेट हार्टने येऊन लढत पुन्हा सुरू करवली, स्टिंग जिंकला वगैरे. पण वर्षभर फुगवलेल्या फुग्यातली हवा गेली ती गेलीच. चूक नेमकी कुणाची यावर तिथले लोक अजून भांडतात. माझं बोट होगनकडे.

ब्रेटबद्दल मात्र मी पक्षपाती आहे. स्टारकेडच्या सात आठवडे आधी माँट्रियालमध्ये त्याच्याशी झालं ते वाईटच. तो डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून निघाला होता, विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडे होता आणि कॅनडात, आपल्या लोकांपुढे, मायकल्सकडून हरायला तो तयार नव्हता. वेगळा शेवट ठरला. प्रत्यक्षात मायकल्सने त्याचाच शार्पशूटर त्याला लावला आणि ब्रेटने हार मानलेली नसताना मालक विन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावली. ब्रेट त्याच्या तोंडावर थुंकला. हरणारा तयार नसेल तर जिंकणं किती केविलवाणं दिसतं, हे त्या रात्रीएवढं स्वच्छ पुन्हा कधी दिसलं नाही.

मिक फोलीने १९९८ साली पिंजऱ्याच्या छतावरून टेबलावर उडी घेतली, म्हणजे अंडरटेकरने त्याला फेकलं. ते सगळ्यांनी पाहिलंय, मी वेगळं काय सांगणार. तो उठला, परत वर चढला आणि शेवटी हरला. ती लढत कोण जिंकलं, असं विचारलं तर निम्म्या लोकांना क्षणभर आठवावं लागतं. पुढच्याच वर्षी ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने उतरताना खाली कोसळून गेला आणि कंपनीने त्या रात्रीचा कार्यक्रम तसाच पुढे चालू ठेवला. त्याबद्दल माझ्याकडे विनोदी काही नाही, क्षमाही नाही.

मोठ्यांचं सोडा. बॅरी हॉरोविट्झ नावाचा एक बापडा होता. त्याचं कामच हरणं. दर आठवड्याला कुणा नव्या ताऱ्याकडून मार खायचा आणि घरी जायचं. लढतीआधी तो स्वतःच्याच पाठीवर शाबासकी द्यायचा, जाकिटावर पंजाचं चित्रही होतं. दुसरं कोण देणार? १९९५ साली त्याने स्किप नावाच्या पैलवानाला एकदाचं हरवलं, तेव्हा समालोचक जिम रॉस बेंबीच्या देठापासून ओरडला होता. इतकी वर्षं तो इमानाने हरला होता म्हणून त्या एका विजयाला वजन आलं.

आपल्या खलीचंही तेच. २००६ च्या मे महिन्यात त्याने अंडरटेकरला पाडलं आणि आपल्याकडे पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. खलीला रिंगमध्ये फार काही करता यायचं असं नाही, हे त्याचे चाहतेही खासगीत मान्य करतील. बाकीचं सगळं अंडरटेकरने केलं: चकित झाला, डगमगला, कोसळला आणि खलीने छातीवर नुसता एक पाय ठेवला तरी निपचित पडून राहिला. पुढच्या वर्षी खली विश्वविजेता झाला, त्यात या पडण्याचा वाटा मोठा आहे.

आता आजचं. आजचे पैलवान आमच्या वेळच्यांपेक्षा कसरतीत कितीतरी सरस आहेत, हे मी म्हातारचळ न दाखवता मान्य करतो. बायकांच्या कुस्तीचं तर सोनं झालं; आमच्या काळी तो भाग पाणी प्यायला उठायचा होता, २०१९ च्या रेसलमेनियात शेवटची, मानाची लढत बायकांची होती. माझी तक्रार वेगळीच आहे. आज कुणी धड हरतच नाही. ज्या डावाने पूर्वी माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळल्यासारखा दाखवायचे, त्या डावातून आता दोनवर खांदा उचलतात. तोच डाव चार-चारदा. लाथ मारताना स्वतःची मांडी थोपटून आवाज काढायचा, तोही इतका सर्रास की मला लाथेपेक्षा मांडीच दिसते. आणि हरायची वेळ आलीच, तर बाहेरून कुणीतरी धावत येऊन खुर्ची घालणार, म्हणजे हरणाऱ्याची पत शाबूत. रोमन रेन्सने १,३१६ दिवस पट्टा राखला. त्यातल्या किती लढती त्याच्या भावांनी येऊन सोडवल्या याचा हिशेब मी सोडून दिला.

तरी त्याच भानगडीतून सॅमी झेन उगवला. फेब्रुवारी २०२३, पुन्हा माँट्रियाल, आणि सभागृहही तेच, ब्रेटवालं, फक्त नाव बदललेलं. सॅमी तिथलाच मुलगा. सबंध गाव घसा फाडून ओरडत होतं आणि तो रेन्सकडून हरला. प्रेक्षकांत लोक रडताना दिसले. आजही हे जमतं. जमवायची इच्छा हवी.

मग १३ डिसेंबर २०२५. वॉशिंग्टनमध्ये, जिथे स्टारकेड झालं त्याच इमारतीत, जॉन सीनाची शेवटची लढत. ‘कधीही हार मानू नका’ हे ज्याने टीशर्टवर छापून विकलं, तो गुंथरच्या पकडीत गुदमरला, हसला आणि थापटून हार मानून मोकळा झाला. लोक खवळले. शिट्ट्या, शिव्या, कार्यक्रम ठरवणाऱ्या ट्रिपल एचच्या नावाने बोंब. माझा पुतण्या दुसऱ्या दिवशी फोनवर तणतणत होता, ‘काका, सगळं स्क्रिप्टेडच असतं ना? मग निदान शेवटची तरी जिंकवायची होती त्याला!’

मी मात्र खूश होतो. गोल्डबर्गची अखेरची लढतही त्याच वर्षी याच गुंथरने जिंकली होती. त्या ऑस्ट्रियन माणसाकडे आता दोन दिग्गजांचं देणं जमा झालंय. ते तो कुणापुढे, कसं पडून फेडतो, की होगनसारखा बुडवतो, ते बघायला मी नेटफ्लिक्सचे पैसे भरतच राहणार आहे.