बघतायत तर बघू देत

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, पण म्हणूनच चाळिशीनंतर इथं ब्रश धरायला जास्त लाज वाटते. कोटितीर्थाच्या काठी राहून निसर्ग रंगवणारे आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, अशांचं हे गाव. इथं ज्याला रेघ मारता येत नाही त्यालाही चित्रातलं कळतं. माझी पुंजी म्हणजे शाळेतली चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा, तीही सी ग्रेड.

चित्रकलेच्या क्लासमध्ये शेजारी बारावीची पोरं, हात सुसाट. कुणी जवळ आलं की मी कोपर टाकून कागद झाकायची. सर म्हणाले, "मॅडम, चांगलं यायची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. रविवारी पंचगंगेवर या."

घाटावर आधी भिंतीला पाठ लावून बसले, म्हणजे मागून कुणी डोकावायला नको. वही पोस्टकार्डाएवढी, नुसती पेन्सिल. रंगपेटी उघडली की माणसं जमतात. ती उघडायला पावसाळा सरावा लागला. पण खरी मदत झाली ती जलरंगाचीच. ओल्या कागदावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकला की तो वाळायच्या आत पुढचा रंग सोडावा लागतो, नाहीतर नको तिथं कड उमटते. पांढरं हवं तिथं कागद कोरा राखायचा. एवढ्या गडबडीत मागं कोण उभंय हे बघायला फुरसत कुणाला? खोडत बसलं की मात्र लाज परत येते, म्हणून खोडरबर घरीच ठेवायला लागले.

एकदा पोहून आलेले एक आजोबा पंचा पिळत मागं थांबले. माझी मान खाली.

"पायऱ्या लई काढलाईसा की. दिवाळीआधी पाणी एवढं उतरतंय व्हय?"

मी समोर बघितलं. खरंच, खालच्या पायऱ्या पाण्यातच होत्या. मी त्या सवयीनं काढल्या होत्या.

"आन् आमी कापडं ठेवतो ते देऊळ कुठं गेलं?"

माझा हात कच्चा की पक्का, याच्याशी त्यांना घेणंदेणंच नव्हतं. ते कागदावर आपला घाट शोधत होते. देऊळ दीपमाळेच्या मागं बारकं दाखवलं, तर म्हणाले, "हां, आता बसलं." आणि निघून गेले.

आता घाटावर कुणीही मागं उभं राहिलं तरी माझा ब्रश थांबत नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी बसायची छाती मात्र अजून होत नाही. तिथं भेळ खात फिरणाऱ्यांत निम्मं आमचं ऑफिसच असतं.